अकरावी फ्लॉपी

त्या सकाळी मला एकाच गोष्टीची भीती होती, लाइट जाण्याची. बाकी सगळ्याचा बंदोबस्त मी केला आहे, असा माझा समज होता.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दातांचा दवाखाना आणि अकरावी-बारावीचे क्लासेस यांच्या मधे आमचा गाळा होता. आमचा म्हणजे मामांचा. मामा माझे नात्याने कुणी नव्हेत. दुकानात येणारं प्रत्येक माणूस त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. त्यांचा आधी पायाने चालवायचा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचा. नव्वदीच्या मध्यावर त्यांनी तो मोडीत काढला आणि एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर घेतला. मला मराठी टायपिंग येत होतं आणि सहा महिन्यांचा एक कोर्स झाला होता, एवढ्यावर मला कामाला ठेवलं. मामा कॉम्प्युटरला ‘मशीन’ म्हणायचे आणि दुकानात शिरताना चप्पल बाहेर काढायचे. गिऱ्हाइकालाही काढायला लावायचे. धुळीने मशीन बिघडतं असं ते सांगत, पण मला वाटतं त्यांना तसं अनवाणी आत जायलाच आवडायचं.

त्या मशीनमध्ये चार एमबी रॅम होती. आज मोबाइलमधला एक बरा फोटोही तेवढ्यात मावत नाही. त्यावर आम्ही संस्थांचे दीडेकशे पानांचे अहवाल केले, पुढे दिवाळी अंक केले, आणि त्या पहिल्याच वर्षी एक पीएच.डी.चा प्रबंध करत होतो. एक पान खाली सरकवलं की पडदा पांढरा व्हायचा, आतली डिस्क घरघर करायची, आणि मग अक्षरं एकेक ओळ करत परत यायची. तेवढ्यात मी खिडकीतून शेजारच्या क्लासच्या सायकली मोजायचे. चिडून उपयोग नव्हता, तरी मी चिडायचे.

प्रबंध होता एका मॅडमचा. त्या पेठ वडगावहून एसटीने यायच्या, एका कॉलेजात मराठी शिकवायच्या. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी त्यांना विचारलं होतं, मुसलमान बाई मराठी काय शिकवणार? “मी म्हटलं, शिकवीन, आणि तुमचं शुद्धलेखनही तपासून देईन,” असं त्या हसत सांगायच्या. त्यांचा विषय गावोगावचे आड आणि पाणवठे असा होता. कुठल्या आडाला काय नाव, ते कशावरून पडलं, तिथं पाणी कोण शेंदायचं आणि लांब कोण उभं राहायचं. पाचव्या प्रकरणात म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती होत्या, मलकापूरच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या. त्यातल्या निम्म्या बाया आमच्यातल्या होत्या. आमच्या घरी आजोबांनी धम्म घेतला तेव्हा माझे वडील पोरगे होते, त्यामुळे त्या बाया जे सांगत होत्या ते मी घरात कधी पूर्ण ऐकलंच नव्हतं. ते प्रकरण टाइप करताना मी दोनदा उठून पाणी प्यायले होते.

दसऱ्यानंतर आठव्या दिवशी प्रबंध विद्यापीठात गेला नाही, तर मॅडमची नोंदणी रद्द होणार होती. आधी दोनदा मुदत वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. कॉलेजातली कायमची जागा त्या प्रबंधावर टांगलेली होती, आणि घरात कमावत्या त्या एकट्याच.

अडचण छपाईची झाली. आमच्या प्रिंटरच्या सुईने ठिपक्याठिपक्यांत छापलेली पानं मॅडमच्या गाइडना चालणार नव्हती, लेझर प्रिंट हवी होती. लेझरवाला पलीकडच्या गल्लीत होता आणि त्याच्याकडे सगळं नव्या विंडोजवर चालायचं. आमच्या जुन्या विंडोजमधली फाइल त्याच्याकडे उघडली की जोडाक्षरांची हाडं मोडून पडायची, ‘ष्ट्य’च्या जागी तीन चौकोन यायचे. एकच उपाय होता. आमच्या मशीनवरही नवं विंडोज टाकायचं, त्यावर चालणारा नवा फॉन्ट घ्यायचा आणि सगळी प्रकरणं त्यात आणून पुन्हा तपासायची.

कुणी म्हणालं, चार एमबीवर ते चालायचं नाही. कुणी म्हणालं, चालतं, पण रडत. खोक्यावर चार एमबी पुरे असं छापलं होतं, म्हणून मी मामांना म्हटलं, मी टाकते. मला हौस होती, हे कबूल करायला हवं. राजारामपुरीत तेव्हा हे काम करणारी बाई मी पाहिली नव्हती.

तेरा फ्लॉप्या होत्या. एकेक घालायची, ती कुरकुरत वाचली जायची, काढायची, पुढची घालायची. मेमरी कमी म्हणून मी आदल्या दिवशी मशीन सुरू होताना चालणाऱ्या डॉसच्या फाइलमधल्या नऊ ओळी खोडल्या होत्या, नको ते सगळे प्रोग्राम बंद केले होते. प्रबंधाची एक प्रत चार वेगळ्या फ्लॉप्यांवर काढून ठेवली होती, आषाढात. तेव्हापासून नवीन प्रत काढली नव्हती, कारण एक प्रत आहे म्हटल्यावर मन निवांत असतं. मॅडमनी हाताने लिहिलेले कागद टाइप होऊन तपासले गेले की त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही कच्ची प्रिंट काढायचो. कागद महाग होता आणि मॅडमनीच सांगितलं होतं, ठेवून काय करायचंय. गणपतीच्या आधीच्या साफसफाईत ते सगळं रद्दीत गेलं. बाकी प्रकरणांची तपासलेली पानं मॅडमच्या घरी होती. पाचव्याची नव्हती, तेवढं सगळ्यात शेवटी दुरुस्त केलेलं होतं. म्हणजे पाचवं प्रकरण मशीनमध्ये होतं आणि त्या चार फ्लॉप्यांवर होतं.

दिवस मी ठरवला तो दसऱ्याच्या आदला. गिऱ्हाईक येणार नाही, मशीन मोकळं मिळेल, एवढाच विचार केला. आमच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गडबड होती. आई पांढऱ्या साड्यांना खळ करत होती, विहारात कुणी काय आणायचं याची चर्चा चालू होती. आदल्या दिवशी खंडेनवमी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्म कोल्हापुरात गेलेला. रिक्षांना हार, सुताराच्या रंध्याला कुंकू, हे मी दरवर्षी बघत होते. पण ते दुसऱ्यांच्या घरातलं, येताजाता बघितलेलं. हत्यार पूजेआधी बंद करायचं असतं आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो, हे घरात पाळलेलं असलं की अंगात असतं. माझ्या अंगात ते नव्हतं. मामांकडे माझा तो पहिलाच दसरा होता.

सकाळी सातला मी एकटीने गाळा उघडला आणि पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर अर्धा तास ते तासभर लागेल असं लिहून आलं. चौथ्या फ्लॉपीला साडेआठ वाजले होते. पडद्यावरच्या पट्टीतला टक्क्यांचा आकडा वाढतच नसे. मी नजर हटवली की पुढे सरकेल असं वाटून मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. युपीएसची बॅटरी महिन्यापूर्वीच मेली होती, त्यामुळे पंखा जरा हळू झाल्यासारखा वाटला तरी मी वर बघायचे. अकरावी फ्लॉपी घातली तेव्हा साडेदहा झाले होते. लाइट गेली नव्हती. मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

तेवढ्यात मामा आले. अंघोळ केलेली, कपाळाला गंध, स्वच्छ पांढरा सदरा. हातात ताट. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ, कापूर.

“आलीस व्हय? बरं केलंस,” ते म्हणाले. “चल, ह्यास्नी आता इसावा देऊ. वरीसभर राबल्याती.”

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं आणि मेन स्विचकडे निघाले. स्विच दाराजवळ मीटरच्या खाली होता, माझ्या खुर्चीपासून फार तर सात-आठ पावलं.

ती सात-आठ पावलं मला आजही मोजता येतात. मला सगळं कळलं होतं. डिस्क घरघरत होती, अकराव्या फ्लॉपीचा दिवा लागलेला होता, आत काहीतरी लिहिलं जात होतं. ‘मामा, थांबा’ एवढे दोनच शब्द हवे होते. आणि माझ्या डोक्यात आलं ते भलतंच. हे म्हणतील, हिला आमची पूजा चालत नाही. ह्यांच्यातल्यांना चालतच नाही. दहा महिन्यांत मामांनी मला माझी जात विचारली नव्हती, मी सांगितली नव्हती, पण आडनावावरून कळतं ते कळलेलं असणारच. त्यांच्या माठातलं पाणी मी रोज प्यायचे. ते सगळं त्या दोन शब्दांवर उभं आहे असं मला वाटलं. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

खट्.

पडदा आतल्या आत मिटला, मधे एक ठिपका राहिला, तोही गेला. अकराव्या फ्लॉपीचा हिरवा दिवा विझला. मामांनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं, कीबोर्डला लावलं, हार घातला, कापूर ओवाळला, दाराशी नारळ फोडला. मला खोबरं दिलं. मी खाल्लं. मग त्यांनी गाळ्याला कुलूप लावलं.

“आता परवा दिवशी ये गं पोरी. उद्या दसरा हाय, हात लावायचा न्हाय.”

दोन दिवस. त्या दोन दिवसांत मी काय केलं ते नीट आठवत नाही. दसऱ्याला पांढरी साडी नेसून विहारात आईशेजारी बसले होते, सगळ्यांबरोबर वंदना म्हणत होते, आणि डोळ्यांपुढे तो विझणारा ठिपका होता. आईने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, डोकं दुखतंय. मी स्वतःला समजावायचे, अर्धवट थांबलेलं पुन्हा सुरू होतं म्हणतात, काही झालं नसेल. आणि चार फ्लॉप्या आहेतच की. मग मॅडमचा हसरा चेहरा आठवायचा आणि मी पुन्हा सगळं पहिल्यापासून मोजायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडला. सुकलेला हार मॉनिटरवरून काढला आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, सिस्टिम सापडत नाही अशा अर्थाची. जुनं विंडोजही नव्हतं, नवंही नव्हतं. डॉसच्या फ्लॉपीवरून मशीन कसंबसं सुरू केलं. प्रबंधाचं फोल्डर नव्हतं. त्या नावाचं काहीच नव्हतं.

मी आषाढातल्या फ्लॉप्या काढल्या. पहिली वाचली गेली, दुसरी गेली. तिसरी मशीनने नुसती खरवडली. बाहेर काढून तिची पत्र्याची झडप सरकवली, तर आतल्या काळ्या चकतीवर पांढरे ठिपके होते. पावसाळ्यातली बुरशी. चौथीवरही तेच. पाचवं प्रकरण तिसरीवर आणि चौथीवर होतं.

मी तिथंच खाली बसले. रडू आलं नाही, इतकी घाबरले होते.

मग कोर्समध्ये शिकवलेलं एक आठवलं. डिस्क तपासण्याचा प्रोग्राम चालवला. त्याने हरवलेले तुकडे गोळा करून त्यांना नुसते आकडे दिले. शंभरावर तुकडे, नाव कशालाच नाही. एकेक उघडून बघायचा तर डॉसचा एडिटर म्हणायचा, मेमरी पुरेशी नाही. मग मी तुकडे एकेक पडदाभर करून पडद्यावर ओतायला लागले. मराठी फॉन्ट विंडोजमध्ये होता आणि विंडोज नव्हतं, म्हणून समोर नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, डॉलर अशी खिचडी यायची. दुसऱ्या कुणाला ते कचराच वाटलं असतं. पण ती अक्षरं माझ्याच बोटांनी दाबलेली होती. कुठलं बटण दाबलं की काय उमटतं ते मला पाठ होतं. मी पडद्याकडे बघत बोटं टेबलावर हलवायचे आणि शब्द कळायचा. ‘आड’ कळला. ‘दोर’ कळला. तुकड्यापुढे आकडा लिहीत मी कागदावर यादी करत गेले.

बाराच्या सुमाराला मॅडम आल्या. लेझरवाल्याकडे कधी जायचं ते विचारायला. माझ्याकडे बघून त्या दारातच थांबल्या.

“काय झालं गं?”

“लाइट गेली मॅडम,” मी म्हटलं. “नवमीला, टाकताना मधेच. पाचवं प्रकरण... काही भाग सापडतोय.”

त्या स्टुलावर बसल्या. नुसती पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. त्यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा मागे पावत्या लावत होते. ते उठून आले. “लाइट कवा गेलती? नवमीला कुठं लाइट गेली?”

मी पुढचा तुकडा पडद्यावर ओतला.

“आगं पूजा सोडली तर मी घरात हुतो दिवसभर. टीव्ही चालू हुता.” आणि मग त्यांना समजलं. ते मीटरकडे बघून माझ्याकडे बघायला लागले. “म्हंजे मी बंद केलं तवा... काम चालू हुतं व्हय?”

“व्हय मामा.”

“मग बोलायचं की!” मामांचा आवाज मुळातच मोठा, गल्लीत गेला. “आगं तोंड हाय का न्हाय तुला? दोन तासानं केली असती पूजा. मशीन काय पळून जाणार हुतं? का न्हाय बोललीस?”

मामा कपाळावर हात मारून बाहेर जाऊन उभे राहिले. मॅडमनी पर्स बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “कुठला तुकडा सापडलाय ते दाखव.”

संध्याकाळपर्यंत आम्ही यादी पुरी केली. पाचव्या प्रकरणातली मधली अकरा-बारा पानं कुठल्याच तुकड्यात नव्हती. बाकी होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्या फ्लॉपीपासून सुरुवात केली. या खेपेला मामांनी दाराला आतून कडी घातली आणि मेन स्विचसमोर खुर्ची टाकून स्वतः बसले. चार तास हलले नाहीत. तेरावी फ्लॉपी बाहेर आली, नवं विंडोज त्या चार एमबीवर कण्हत उघडलं, आणि मला कसला आनंद झाला नाही.

मग हरवलेली पानं. मॅडम टिपणांच्या वह्या घेऊन आल्या, माझ्याशेजारी बसून सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. दोन दिवस. मामा मागे टेबलाशी. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम अडखळल्या. वही पुढेमागे चाळली.

“ती मलकापूरकडची म्हातारी होती बघ, गेल्या वर्षी वारलेली. तिचं वाक्य मी वहीत घेतलंच नाही, थेट प्रकरणात लिहिलं होतं. काय होतं गं ते? आडापाशी उभं राहण्याचं.”

मला ते पाठ होतं. ते टाइप करतानाच मी पाणी प्यायला उठले होते.

“मागायचं न्हाय,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच विचित्र वाटला. “घागर घिऊन लांब हुबं ऱ्हायचं. तोंडातनं शबुद काढायचा न्हाय. बोललं तर ते पानीबी बंद. मग बोलायची सवंच गेली.”

मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मागे मामांचा पावत्या लावण्याचा आवाज थांबला होता. मला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. मी ते वाक्य टाइप केलं, अवतरणचिन्हं घातली आणि पुढच्या ओळीवर गेले.

प्रबंध शेवटच्या दिवशी, कचेरी बंद व्हायच्या अर्धा तास आधी पोहोचला. मॅडमना पदवी मिळाली, नोकरीही राहिली. मामांनी त्या वाक्याबद्दल मला कधी काही विचारलं नाही. ‘का न्हाय बोललीस’ हेही पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम मशीन सुरूच केलं नव्हतं. मामा ताट घेऊन आले, ते टेबलावर ठेवलं, मीटरपर्यंत गेले आणि स्विचवर हात न ठेवता माझ्याकडे वळून उभे राहिले.

“करू का बंद?” त्यांनी विचारलं.

समोर बंद पडदा होता, सगळं त्यांनाही दिसत होतं. तरी ते थांबले. नंतरची अकरा वर्षं, दुकान होतं तोवर, प्रत्येक नवमीला ते असेच थांबले, आणि मी ‘करा’ म्हणाल्याशिवाय त्यांनी स्विचला हात लावला नाही. मी दरवर्षी म्हणायचे. पण तो शब्द बाहेर पडायला दरवर्षी थोडा वेळ लागायचा, आणि मामा तेवढा वेळ उभे राहायचे.